सहल टेम्पोने काढावी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की सहलीचा विषय निघतो. मुलांचे मत वॉटर पार्कला, शिक्षकांचे जयविलास महालाला आणि पालकांचे जे स्वस्त पडेल त्याला. डिसेंबरातल्या ग्वाल्हेरी थंडीत वॉटर पार्क कोणाला कसे सुचते हे आम्हांस कळलेले नाही, पण असो. यंदा आम्ही एक वेगळेच मत मांडत आहोत. सहल लष्करातच काढावी, टेम्पोने काढावी आणि मुलांनी वाटेत फक्त नावे वाचावीत. मोहल्ल्यांची, पुलांची, बाजारांची. पालकहो, हसू येत असेल तर जरा थांबा, पुढचे वाचा आणि मग हसा.

आपली मुले दोन नावांच्या गावात राहतात. स्टेशनवरच्या पाटीवर ग्वालियर आणि आजीच्या तोंडी ग्वाल्हेर. शाळेच्या इतिहासात शिंदे, चौकातल्या भाषणात सिंधिया आणि इंग्रजीत आणखी तिसरेच काहीतरी. यामुळे मुलांचा असा समज होतो की खरे मराठी ते पुण्या-मुंबईचे, आणि आपण इथे ते डब्यात भरून आणलेल्या लाडवांसारखे जपून खातो आहोत. घराबाहेर पडले की मराठी संपले! आम्हांला हा समज खोडायचा आहे, आणि तो खोडायला टेम्पोवाल्याइतका चांगला मास्तर नाही.

तो काय ओरडतो ते ऐका. "बाडा, बाडा, बाडा!" हा बाडा म्हणजे आपला वाडा. हिंदीत बाडा म्हणजे गुरे कोंडायची जागा, पण इथे महाराजांच्या वाड्यापुढचा चौक आहे आणि 'व'चा 'ब' होणे ही या मुलुखाची रीतच आहे. तिथून पुढे "कंपू". आज मराठीत कंपू म्हटले की वर्गातल्या मागच्या बाकावरची चार टाळकी आठवतात. पण महादजी शिंद्यांच्या काळी कंपू म्हणजे द बॉयन या सॅव्हॉयच्या सेनानीने युरोपीय पद्धतीने कवायत शिकवून तयार केलेल्या पलटणी. 'कॅम्प'चा मराठी फौजेत झालेला तो कंपू. भाषेत त्याची टोळी झाली आणि आपल्या गावात तो पत्ता होऊन बसला.

मुळात लष्कर हे नावच पाहा. पुण्यातही लष्कर आहे, पण ते इंग्रजांचे. आपले लष्कर दौलतराव शिंद्यांचे. १८१० साली त्यांची फौज किल्ल्याच्या दक्षिणेला उतरली. फौजा येतात आणि जातात, ही मात्र गेलीच नाही. राहुट्यांची घरे झाली, घोडे बांधायच्या जागी गल्ल्या झाल्या, बाजारबुणग्यांचे बाजार पक्के झाले आणि तळाचे शहर होऊन गेले. म्हणून लष्करात फिरणे म्हणजे मराठी फौजेच्या तळातून फिरणे. कुठे कोण उतरले होते याच्या खुणा अजून दुकानांच्या पाट्यांवर पत्ता म्हणून लिहिलेल्या आहेत.

शिंदे की छावनी घ्या. छावणे म्हणजे गवत-पाल्याने शाकारणे. पावसाळ्यात फौजेला हालचाल करता येत नसे, तेव्हा झोपड्या शाकारून मुक्काम करावा लागे, तीच छावणी. जिन्सी नाला नंबर एक, दोन, तीन इथून रोज शेकडो माणसे जातात. जिन्सी हा तोफखान्याचा, त्याच्या सामानसुमानाचा शब्द. हुजरात पूल हे नाव तर आम्हांला सर्वांत आवडते. हुजुरात म्हणजे कोणा सरदाराच्या नव्हे तर खुद्द धन्याच्या हुकमतीतली फौज. आता त्या पुलावर हुकमत स्कूटरवाल्यांची आहे. खासगी बाजारातली 'खासगी' म्हणजे राजघराण्याचा स्वतःचा खर्च आणि मिळकत सांभाळणारे खाते. निंबालकर की गोठ आणि चिटनीस की गोठ या नावांवर मात्र घराघरांत वाद होतो. कोणी म्हणतात गोठ म्हणजे गोठा. आमच्या मते हा मराठी 'गोट', सरदाराचा तळ. शत्रूच्या गोटात शिरतात तो. चिटणिसांकडे दौत-लेखणी असायची, म्हशींचा एवढा मोठा पसारा त्यांनी कशाला मांडावा? वाचकांपैकी कोणाला याहून चांगले स्पष्टीकरण ठाऊक असेल तर जरूर लिहून कळवावे.

इथे आपल्यातल्या काही ज्येष्ठांशी आमचा मतभेद आहे. ही सर्व नावे 'शुद्ध' करून घ्यावीत, पाट्यांवर बाडा खोडून वाडा लिहावे, निंबालकरांचे निंबाळकर करावे, अशी सूचना अधूनमधून पुढे येते. तिच्यामागची तळमळ आम्ही जाणतो, पण ती सूचना आम्हांला मान्य नाही. ही नावे टिकली ती ज्यांना मराठीचा एक शब्द येत नाही अशा भाजीवाल्यांच्या, टेम्पोवाल्यांच्या आणि पोस्टमनच्या जिभेवर. त्यांनी ती आपल्या सोयीने घासली, वापरली आणि दोनशे वर्षे सांभाळली. आपण शुद्ध करायला गेलो तर ते नाव आपले एकट्याचे होईल, आणि आपल्या एकट्याच्या गोष्टी किती टिकतात हे गावातल्या मराठी वाचनालयांना विचारावे.

आता जयविलासच्या बाजूने बोलणाऱ्या शिक्षकांसाठी. महाल बघू नये असे आमचे म्हणणे नाही. १८७४ सालचा तो महाल, ती प्रचंड झुंबरे, छताची मजबुती तपासायला वर हत्ती चढवल्याची गोष्ट, सगळे सुरेख आहे. मेजवानीच्या टेबलावरची चांदीची आगगाडी तर कोणत्याही वयात बघावी. ती पाहुण्यांपुढून फिरे आणि डब्यातली सुरई उचलली की आपोआप थांबे. तिच्यावर इंग्रजी अक्षरांत सिंधिया हे नाव आहे, एका डब्यावर एक अक्षर याप्रमाणे सात डबे. देवनागरीत 'शिंदे' लिहिले असते तर दोन डब्यांत भागले असते!

पण चांदीच्या गाडीत बसता येत नाही. ज्या गाडीत बसता येत होते ती माधवराव महाराजांची दोन फुटी रुळांची गाडी, आपली छोटी लाईन. १८९९ मध्ये ती भिंड आणि शिवपुरीकडे धावू लागली आणि १९०९ मध्ये श्योपुरला पोचली. ग्वाल्हेर ते श्योपुर जवळजवळ दोनशे किलोमीटर, आणि जायला दहा-अकरा तास. एवढ्या अरुंद रुळांवर इतक्या लांब जाणे ही काही साधी गोष्ट नव्हे. घोसीपुरा, मोतीझील करीत ती गावातूनच डुलत जायची, टपावरही माणसे बसलेली असायची. २०२० साली महामारीत ती थांबली ती थांबलीच. आता त्या मार्गावर रुंद रूळ टाकण्याचे काम हाती घेतले आहे. ते व्हायलाच हवे, श्योपुरच्या माणसाने रुग्णालय गाठायला अकरा तास का घालवावेत? पण आज पहिलीत असलेल्या मुलाला छोटी लाईन फक्त सांगून कळणार, हेही तितकेच खरे.

नावांचेही तसेच व्हायला वेळ लागणार नाही. नव्या वसाहती 'सिटी', 'एन्क्लेव्ह' आणि 'हाइट्स' नावाने उभ्या राहत आहेत. मोबाइलचा नकाशा मुलांना दुकानाच्या दारात नेऊन सोडतो, मग मोहल्ल्याचे नाव उच्चारायची गरजच उरत नाही. टेम्पोवाल्यांच्या जागी ई-रिक्शा आल्या. त्यांचे चालकही अजून "कंपू, कंपू" ओरडतात, तोवर आपण ऐकून घ्यावे.

म्हणून आमची सूचना अशी. सहावी ते आठवीच्या मुलांचे पाच-पाचांचे गट करावेत, प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक किंवा एक आजोबा द्यावेत. (आजोबा असल्यास उत्तम, फक्त त्यांना पुढच्या सीटवर बसवावे, नाहीतर गटाचे पैसे औषधांत जातील.) स्टेशनाकडून पडाव, फूलबाग करीत बाड्यावर यावे आणि पुढे ज्याला जी दिशा मिळेल तिकडे जावे. फूलबागेजवळ झाशीच्या राणीच्या समाधीपाशी उतरून नमस्कार करावा. वहीत नावे जशी ऐकू येतील तशीच लिहावीत, सुधारून नव्हे. ते नाव का पडले हे तिथल्या निदान एका दुकानदाराला विचारावे आणि त्याचे उत्तर, चुकीचे वाटले तरी, त्याच्याच शब्दांत उतरवावे.

गुण देण्याची पद्धत शिक्षकांनी ठरवावी. आम्ही एवढेच सुचवू की फौजेचा शब्द ओळखल्यास दोन गुण, सरदाराचे किंवा हुद्द्याचे नाव ओळखल्यास एक, आणि जो गट छत्री बाजारात जाऊन तिथे छत्र्या मिळतात का याची चौकशी करून, शिवाय ती छत्री कुठली हे शोधून येईल, त्याला बाड्यावर कचोरी आमच्यातर्फे.