रिक्षाचा शॉकअप आणि चालकाचा मणका

कंबरदुखी ही कोपरीच्या रिक्षाचालकांना नवी गोष्ट नाही. ठाणे पूर्वेला स्टेशनबाहेरच्या रांगेत उभ्या असलेल्या चाळिशीच्या कुणाही चालकाला विचारून पाहा. कमरेचा पट्टा, मलम, मालिश, इंजेक्शन यांपैकी दोन-तीन उपाय त्याने केलेले असतात. पण गाडीचे शॉकअप शेवटचे कधी बदलले, असे विचारले तर उत्तराला वेळ लागतो. आमच्या मते या दुखण्यावरचा बराचसा इलाज औषधाच्या दुकानात नसून गॅरेजात आहे.

हे समजायला रिक्षा कशी घडली आहे ते थोडे पाहावे लागेल. इटलीतल्या पियाज्जिओ कंपनीने 1946 साली व्हेस्पा स्कूटर काढली आणि 1948 साली त्याच स्कूटरच्या पुढच्या भागाला मागे दोन चाके जोडून ‘आपे’ नावाची मालवाहू गाडी केली. आराखडा होता कोराडिनो दास्कानिओ या विमाने बनवणाऱ्या अभियंत्याचा. पुढे बजाजने पियाज्जिओकडून परवाना घेऊन पुण्याजवळ आकुर्डीला जी रिक्षा बनवली ती याच घराण्यातली. (फिरोदियांची बजाज टेंपो ही कंपनी 1958 सालची. तिची तीनचाकी हॅम्बर्गच्या ‘टेंपो’ कारखान्याच्या तंत्रावर बेतलेली होती. आपण आज कुठल्याही लहान मालगाडीला टेंपो म्हणतो, ते त्या कारखान्याचेच नाव.)

पुढच्या इंजिनाच्या जुन्या रिक्षात इंजिन चालकाच्या आसनाखालीच असे. दिवसभर खालून उष्णता आणि थरथर. नंतर इंजिन मागे गेले. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळत असे, त्यामुळे निळसर धूर निघे आणि खोकणारे पेशंट आमच्याकडे येत. मग सीएनजी आला आणि तो त्रास खूपच कमी झाला. या सर्व काळात तीन गोष्टी मात्र जवळपास तशाच राहिल्या : स्कूटरचे हँडल, पुढे एकच चाक आणि आठ इंची रिम.

टायर धरून या चाकाची उंची होते सुमारे 16 इंच. चाक लहान असले की ते खड्ड्यावरून सरकत पुढे जात नाही, खड्ड्यात उतरते आणि पलीकडच्या कडेवर आपटते. मोठ्या चाकाच्या बसला जो खड्डा जाणवतही नाही, तो रिक्षाला पुरता भोगावा लागतो. कोपरी पुलाचे रुंदीकरण चालू होते त्या वर्षांत ज्यांनी पावसाळ्यात तिथून रिक्षा हाकली, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता स्प्रिंग आणि शॉकअप यांतला फरक. पुष्कळ चालक दोन्ही एकच समजतात. स्प्रिंग धक्का गिळते, पण लगेच परतही करते. दाबली की उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. ही उसळी मारून टाकणे हे शॉकअपचे काम. त्याच्या नळीतले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि धक्क्याची शक्ती त्यात जिरते. तेल गळून गेले की शॉकअप नुसता शोभेचा राहतो आणि गाडी चेंडूसारखी उड्या मारू लागते.

ती उसळी शरीराला का सोसत नाही? बसलेल्या माणसाचे धड हीसुद्धा एक प्रकारची स्प्रिंगच आहे. सेकंदाला साधारण 4 ते 8 वेळा वरखाली होणारी थरथर खालून मिळाली की धड तिला साथ देऊ लागते आणि धक्का मणक्यात कमी होण्याऐवजी वाढतो. पाठीचे स्नायू सारखे आवळलेले राहून थकतात आणि मग भार येतो मणक्यांमधल्या चकत्यांवर. या चकत्यांना मोठ्या माणसात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. आपण उठतो, चालतो, आडवे होतो, तेव्हा दाब कमीजास्त होऊन त्यांना पोषण मिळते. दहा-बारा तास बसून राहणाऱ्याची चकती उपाशी राहते आणि वर मारही खाते.

या ठिकाणी एका परदेशी तीनचाकीची आठवण होते. होंडा कंपनीने 1970 साली अमेरिकेत वाळू, चिखल, बर्फ अशा कुठल्याही जमिनीवर चालणारी तीन चाकांची गाडी विकायला काढली. फुगीर टायर, त्यांत अगदी कमी हवा, आणि सुरुवातीच्या मॉडेलना स्प्रिंगही नाही आणि शॉकअपही नाही. टायर हीच स्प्रिंग. मऊ वाळूत मजा येई, पण कठीण जमिनीवर वेग वाढला की ती उसळू लागे. शिवाय मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असल्याने ती वळणावरही एकाच वेगाने फिरत, आणि गाडी वळवायची तर चालवणाऱ्याला अंगाचा तोल हलवावा लागे. हे ज्याला जमले नाही तो पडला. जखमींमध्ये मुलांची संख्या मोठी होती. नंतर काही मॉडेलना शॉकअप आले, पण अपघात थांबले नाहीत. अखेर 1988 साली तिथल्या सरकारशी न्यायालयात झालेल्या तडजोडीने कंपन्यांनी तीन चाकांच्या या नव्या गाड्या विकणे थांबवले आणि चार चाकांचीच तेवढी ठेवली.

आपली रिक्षा तिच्यापेक्षा शहाणी आहे. तिच्या मागच्या चाकांना डिफरन्शियल आहे, स्प्रिंग-शॉकअप आहेत, वेग बेताचा आहे. पण त्रिकोण तोच आहे. कागदावर तीन चाकांचे तीन ठिपके काढून जोडा. गाडी आणि माणसे यांच्या वजनाचा मध्य या त्रिकोणाच्या रुंद बाजूला, म्हणजे मागे असेल तोवर गाडी पक्की. तो पुढच्या टोकाकडे सरकला की दोन्ही बाजूंना जागा कमी उरते आणि वळणावर ब्रेक दाबला तर वजन त्रिकोणाबाहेर जायला वेळ लागत नाही. मागे तीन प्रवासी बसवायचे, हा नियम परिवहन खात्याने केला असला तरी त्याच्यामागे ही भूमिती आहे.

आणि आपण काय करतो? शेअर रिक्षात चौथा प्रवासी चालकाच्या शेजारी घेतो. वजन टोकाकडे जाते, तेही एका बाजूला. चालक अर्ध्या ढुंगणावर बसतो, कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, एक पाय ब्रेकवर. अशा पिळलेल्या मणक्याला जेव्हा खड्ड्याचा दणका बसतो, तेव्हा चकती सरकायला याहून चांगली संधी नाही. चौथ्या सीटचे पैसे रोज हातात पडतात हे आम्हाला कळते. मुलांच्या फीचा आणि गाडीच्या हप्त्याचा हिशेब त्यावर बसवलेला असतो. पण कंबर धरली म्हणून पंधरा दिवस गाडी उभी राहिली तर तो हिशेब कुठे जातो, हेही मांडून पाहावे. आणि प्रवाशांनीही ‘पुढे बसतो, चला’ म्हणणे सोडावे. घाई आपली आणि पाठ त्याची, असा तो व्यवहार आहे.

देखभालीचे बोलायचे तर शॉकअपची परीक्षा फुकट आहे. गाडी सपाट जागी उभी करून एका बाजूने जोराने खाली दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीन हेलकावे घेत राहिली तर शॉकअप गेला. दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला तरी तेच. टायरमधली हवा कंपनीच्या पुस्तकात दिली आहे तेवढीच ठेवा. मायलेज मिळावे म्हणून दगडासारखी भरली की प्रत्येक खडा कमरेत पोचतो. इंजिनाखालचे माउंटिंगचे रबर चेपले की उभ्या गाडीतही थरथर जाणवते, ते बदलून घ्या.

क्लचच्या केबलकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. डाव्या हाताने क्लच दाबायचा आणि त्याच मनगटाने गियर फिरवायचा, हे दिवसातून शेकडो वेळा होते. केबल कोरडी किंवा विसविशीत झाली की दुप्पट जोर लागतो. मग अंगठ्याच्या मुळाशी दुखते, रात्री बोटांना मुंग्या येतात आणि पेशंट मधुमेहाची तपासणी करायला येतो. ती जरूर करावी, पण केबलला तेलही घालावे. हँडलच्या कोन-सेटचे ग्रीस वाळले असेल तर खांदे भरून येतात. आसनाचा फोम खाली फळीला लागला असेल तर तो बदलायला फार खर्च येत नाही. जुन्या रिक्षा अजूनही जमिनीवरचा दांडा ओढून सुरू कराव्या लागतात. ओढताना कमरेतून वळू नये, आधी सरळ बसून मग हाताने ओढावे.

दर दीड-दोन तासांनी खाली उतरून दोन मिनिटे चाला, पाणी प्या आणि लघवी तुंबवू नका. पाय बधिर होणे, पाऊल लुळे पडणे, कमरेचे दुखणे पोटरीखाली उतरणे ही लक्षणे दिसली तर मलमावर दिवस काढू नका. आणि बसण्याच्या जागेची संवेदना गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी, त्याच वेळी रुग्णालय गाठायचे. तिथे उशीर झाला तर नुकसान कायमचे होते.

यात एक अडचण आहे आणि तिच्यावर चालक एकटा उपाय करू शकत नाही. अनेक चालक दुसऱ्याची रिक्षा पाळीवर, रोजच्या ठरलेल्या भाड्याने चालवतात. इंजिन बिघडले तर भाडे बुडते, म्हणून मालक ते लगेच दुरुस्त करतो. शॉकअप गेला तर भाडे बुडत नाही, फक्त चालकाची कंबर जाते, म्हणून तो तसाच राहतो. चालक म्हणतो गाडी माझी नाही, मालक म्हणतो कंबर माझी नाही. फिटनेसच्या तपासणीच्या दिवशी गाडी धुऊन-पुसून उभी केली जाते, पण ती तपासणी वर्षाचे इतर दिवस भरून काढू शकत नाही. आमची सूचना अशी की रिक्षा संघटनांनी पाळीच्या भाड्याचा दर ठरवताना शॉकअप, टायर, केबल आणि आसन यांचा खर्च मालकाकडे राहील, असे त्यातच लिहून घ्यावे आणि पावसाळा संपल्यावर दर वर्षी एकदा स्टँडवरच सर्व गाड्या दाबून पाहाव्यात. एका गाडीला दोन मिनिटेही लागणार नाहीत.