पन्नास रुपयांचा हिशेब

दलित पँथरचे नेते राजा ढाले यांचे 16 जुलै 2019 रोजी विक्रोळीतील राहत्या घरी निधन झाले. तेथून निघालेली अंत्ययात्रा दादरला पोचली, भाषणे झाली, श्रद्धांजलीचे रकाने भरले. आज त्याच विक्रोळीत म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. एकेकाळी महाराष्ट्राला हादरवणारा माणूस आपल्या शेजारी राहत होता, हे तिथे वाढणाऱ्या मुलांना सांगायला हवे. चळवळ उभी कशी राहते आणि ती समाज बदलते म्हणजे नेमके काय करते, या प्रश्नाचे त्याच्या कामात मिळते इतके स्वच्छ उत्तर आपल्याकडे दुसरीकडे क्वचितच सापडेल.

अन्याय पुष्कळ झाला की लोक उठतात, असे आपण समजून चालतो. ते खरे नाही. तसे असते तर गावकुसाबाहेरचा माणूस हजार वर्षे गप्प बसला नसता. 1972 साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा अत्याचार नवे नव्हते. नवी होती ती माणसे. संविधान लागू झाल्यावर शाळेत गेलेली, बाबासाहेबांनी उघडलेल्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेली आणि कायद्याने आपल्याला काय दिले आहे हे वाचू शकणारी ही पहिली मोठी पिढी होती. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात आणि मुंबईच्या वस्त्यांत ही मुले कविता लिहीत, अनियतकालिके काढत, रात्र रात्र भांडत. त्यांच्यापुढे इळयापेरुमाळ समितीचा अहवाल होता. अस्पृश्यांवरील अत्याचारांची ही सरकारी नोंद 1970 मध्ये संसदेपुढे आली होती. रिपब्लिकन पक्ष गटबाजीने पोखरला होता आणि त्याच्याकडून आशा उरली नव्हती.

त्याच सुमारास दोन बातम्या आल्या. पुणे जिल्ह्यातील बावडा येथे दलित वस्तीवर गावाने बहिष्कार टाकला होता. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात दोन बौद्ध महिलांना विवस्त्र करून मारहाण झाली होती. 29 मे 1972 रोजी नामदेव ढसाळ आणि ज. वि. पवार यांनी दलित पँथर या संघटनेची कल्पना मांडली. नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या 1966 साली स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. राग मात्र इथलाच होता. ढाले लवकरच पँथरच्या अग्रभागी आले.

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ‘साधना’ साप्ताहिकाने 15 ऑगस्ट 1972 चा विशेषांक काढला. त्याचे संपादन अनिल अवचट यांनी केले होते. त्यात ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. लेखाने एक हिशेब मांडला. राष्ट्रध्वजाचा अवमान केला तर दंड तीनशे रुपये, आणि दलित बाईच्या अब्रूवर हात टाकला तर पन्नास. मग त्या ध्वजाचे आम्ही काय करायचे, असा प्रश्न त्यांनी अतिशय कठोर शब्दांत विचारला. महाराष्ट्र खवळला. दुर्गा भागवतांसारख्या थोर लेखिकेनेही तीव्र निषेध नोंदवला. ध्वजाबद्दलचे शब्द सर्वांच्या लक्षात राहिले, पन्नास रुपयांचा आकडा मात्र मागे पडला.

आमच्या मते चळवळीचा जन्म इथे आहे. सोसणाऱ्याला आपले दुःख ठाऊक असतेच. त्या दुःखाची किंमत राज्याने किती लावली आहे, हे कोणीतरी आकड्यात मांडून चारचौघांसमोर ठेवले, की सोसणारा नुसता दुःखी राहत नाही, तो फिर्यादी होतो. ढाले यांची भाषा सभ्य नव्हती, ही तक्रार आजही ऐकू येते. परंतु सभ्य भाषेतला इळयापेरुमाळ अहवाल दोन वर्षे पडूनच होता.

पँथरची कामाची रीत साधी होती. अत्याचाराची खबर आली की त्या गावात जायचे, सभा घ्यायची, पोलिसांना जाब विचारायचा, वर्तमानपत्रांना लिहायला भाग पाडायचे. जानेवारी 1974 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली आणि 10 जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मारला गेला. त्याच महिन्यातील लोकसभा पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्काराची हाक दिली. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. गृहीत धरलेली मते गृहीत धरता येत नाहीत, हे सत्तेला तेव्हा कळले.

संघटना फार टिकली नाही. पँथरच्या 1973 च्या जाहीरनाम्यावरून, मार्क्स की बुद्ध या वादावरून ढाले आणि ढसाळ दुरावले. 7 मार्च 1977 रोजी ढाले आणि पवार यांनी पँथर बरखास्त केल्याचे जाहीर केले. आणखी एक उणीव स्पष्ट सांगितली पाहिजे. दलित स्त्रीच्या अब्रूवरून पेटलेल्या या संघटनेच्या व्यासपीठावर दलित स्त्रीला जागा जवळजवळ नव्हती. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना ‘आम्हीही इतिहास घडवला’ असे बजावत आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा शोध घ्यावा लागला, तो उगाच नव्हे.

पाच वर्षांत फुटलेल्या संघटनेने काय मिळवले, असे विचारणाऱ्यांनी कायद्याचे पुस्तक उघडावे. 1989 च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात विवस्त्र करून धिंड काढणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला आणि त्याला किमान सहा महिने ते पाच वर्षे कैद आली. ब्राह्मणगाव कायद्यात यायला सतरा वर्षे लागली. हे श्रेय एकट्या पँथरचे नाही. बिहारमधील बेलछी, आंध्रातील करमचेडू येथील हत्याकांडांनंतर देशभर जे उसळले, त्याचा त्यात मोठा वाटा आहे. बावड्याला त्याहून जास्त थांबावे लागले. सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा या कायद्याखाली गुन्हा ठरला तो 2015 च्या दुरुस्तीने. 2016 मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला. त्यामागे जातपंचायतींविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चालवलेली मोहीम होती. ती मोहीम हाती घेणारे नरेंद्र दाभोलकर त्याच ‘साधना’चे संपादक होते आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी त्यांचा खून झाला. एका साप्ताहिकाच्या अंकात उमटलेला प्रश्न असा माणसामाणसांतून, संघटनांच्या पडझडीतून पुढे जात राहतो. ज्यांनी तो पहिल्यांदा विचारला, ते बहुधा उत्तर यायच्या वेळी मंचावर नसतात.

कायदा झाला म्हणजे काम संपले, असे विक्रोळीकरांनी तरी मानू नये. एक स्टेशन अलीकडे, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 रोजी राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करायला लोक रस्त्यावर आले होते. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली तेव्हा 2009 साल उजाडले होते.

मुदती कागदावर आहेत. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 1995 च्या नियमांप्रमाणे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक दर जानेवारीत आणि जुलैत झाली पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीची दर तीन महिन्यांनी. कायद्यानुसार तपास साठ दिवसांत पुरा करून आरोपपत्र दाखल व्हायला हवे. हे आकडे ढाल्यांच्या हिशेबाचेच पुढचे पान आहेत. म्हणून आमची मागणी सरळ आहे: प्रत्येक बैठक ठरल्या महिन्यात व्हावी आणि तिचे इतिवृत्त, प्रलंबित खटल्यांच्या जिल्हावार आकड्यांसह, जनतेसमोर ठेवले जावे. सरकारने ते आपणहून केले नाही, तर विक्रोळी-घाटकोपरच्या तरुणांनी माहिती अधिकाराचा अर्ज करून ते मागून घ्यावे.