फोटोच्या पोटातली नोंद

द्वारसभेचा फोटो काढला, एक प्रत अंकासाठी कार्यालयात पाठवली, एक वर्तमानपत्राला दिली, की कार्यकर्त्याचे काम संपले, असे आपण आजवर मानत आलो. फिल्मच्या कॅमेऱ्याच्या दिवसांत ते बरोबरही होते. फोटोत जे दिसे, तेवढेच तो सांगे. मोबाइलवर काढलेला फोटो मात्र दिसते त्याहून पुष्कळ अधिक सांगतो, आणि कोणाकोणाला सांगतो हे काढणाऱ्यालाही ठाऊक नसते. म्हणून हा विषय आम्ही सभासदांपुढे ठेवीत आहोत.

डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर एक न दिसणारी चिठ्ठी असते. तिला एक्झिफ म्हणतात. जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने १९९५ मध्ये हा नमुना ठरवला. फोटो कोणत्या कॅमेऱ्याने, कोणत्या दिवशी, किती वाजता काढला याची नोंद राहावी, एवढाच हेतू. पुढे मोबाइलमध्ये उपग्रहावरून ठिकाण शोधणारी जीपीएस यंत्रणा आली आणि त्याच चिठ्ठीत अक्षांश-रेखांशही पडू लागले. कॅमेऱ्याला ठिकाण नोंदवण्याची मुभा दिलेली असेल, तर उघड्यावर काढलेल्या फोटोवरून काही मीटरच्या आत जागा सापडते.

डिसेंबर २०१२ मधील एक प्रकरण गाजलेले आहे. संगणक-सुरक्षेच्या धंद्यात नाव कमावलेले जॉन मॅकॅफी बेलीझच्या पोलिसांना चौकशीसाठी हवे होते व ते लपून राहत होते. सोबतच्या पत्रकारांनी काढलेला त्यांचा फोटो ‘व्हाइस’ने प्रसिद्ध केला. त्यात ठिकाणाची नोंद तशीच राहिली होती. ते ग्वाटेमालात असल्याचे उघड झाले आणि काही दिवसांतच तेथे त्यांना अटक झाली. जाणत्यांची ही गत, तर आपली काय?

आपल्या चळवळीत याचा अर्थ काय होतो? समजा, एखाद्या औद्योगिक वसाहतीतील वीस कंत्राटी कामगार युनियन बांधण्यासाठी एकाच्या खोलीवर जमले. उत्साहात फोटो काढला, चेहरे झाकले आणि ईमेलने चार ठिकाणी धाडला. चेहरे झाकले, पण खोलीचा पत्ता आणि सभेची वेळ फोटोबरोबर गेली. तो कंत्राटदाराच्या हाती पडला, तर नोटीस नाही, चौकशी नाही. ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढेच शब्द पुरे होतात. संघटना करण्याचा हक्क संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने दिला आहे. तो बजावणाऱ्याचा ठावठिकाणा आपणच मालकाच्या हाती का द्यावा?

हेच तंत्र उलट दिशेनेही चालते. १ जानेवारी २०२३ पासून राष्ट्रीय रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मजुरांचे ठिकाण नोंदवणारे फोटो दिवसातून दोनदा ॲपवर चढवण्याची सक्ती झाली. नेटवर्क नाही म्हणून फोटो चढला नाही, तर घाम गाळूनही हजेरी बुडू लागली. त्याविरुद्ध मजुरांनी त्याच वर्षी दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरले. ठिकाणाची नोंद मुळात वाईट नाही. ती कोणाच्या ताब्यात आहे आणि कोणाविरुद्ध वापरली जाते, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून प्रत्येक शाखेने काही पथ्ये पाळावीत. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅमेऱ्याची ठिकाणाची परवानगी बंद करावी. ईमेलने, किंवा व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेला फोटो चिठ्ठीसकट जातो, हे ध्यानात ठेवावे. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवताना ठिकाणाची नोंद गळते. शंका असेल तर फोटोचा स्क्रीनशॉट काढून तोच पाठवावा; त्यात मूळ फोटोची चिठ्ठी येत नाही. कार्यालयातील विंडोज संगणकावर फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ या भागात ही माहिती दिसते आणि तेथूनच पुसताही येते. फोटोवरच नकाशा व पत्ता छापणारी कॅमेरा ॲप सभेसाठी वापरू नयेत, कारण तो छाप चिठ्ठी पुसून जात नाही. आणि मागचा फलक, गल्लीची पाटी, उभी असलेली मोटारसायकल यांवरूनही जागा ओळखता येते, हे विसरू नये.

पण एक इशारा. अपघात, तुटलेले रक्षक-कठडे, बंद असलेले संकटकालीन दार, टाळेबंदीची नोटीस यांचे फोटो काढताना ठिकाणाची नोंद चालू ठेवावी व मूळ फाइलला हात लावू नये. फोटो केव्हा आणि कोठे काढला हे पटवताना हीच चिठ्ठी कामगाराच्या बाजूने बोलते. मूळ फाइल जपून ठेवावी, बाहेर जाते ती प्रत साफ करावी. हा नियम सर्वांनी पाठ करावा.

केवळ सावधगिरीने मात्र भागणार नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. तरीही २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी कामगाराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची वाट मालकांना ठेवली आहे. ही वाट किती रुंद होऊ द्यायची, हे संघटनेच्या ताकदीवर ठरेल. कामगारांचे कोणते फोटो घेतले जातात, ते किती दिवस ठेवले जातात, कोणाला दिले जातात, हे प्रश्न यापुढे प्रत्येक मागणीपत्रात आले पाहिजेत. मस्टर तपासण्याचा आग्रह आपल्या आधीच्या पिढीने धरला. फोटोच्या पोटातली नोंद हे आजचे मस्टर आहे. तेही आपण तपासलेच पाहिजे.