कोपर ओढून बसवू नका
२०२५ साली महाराष्ट्र केसरीचा आखाडा अहिल्यानगरच्या वाडिया पार्कात रंगला. जिल्ह्यातल्या तालमींत पोरं घाम गाळतात, याचा अभिमानच आहे. काळजी वाटते ती त्यांच्या कोपराची. पडताना पठ्ठ्या हात टेकतो, कोपराखालचा हात बाहेर वळतो आणि सांध्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं, कधी फाटतंही. मग कुणीतरी तेल लावून हात ओढतो. हे थांबलंच पाहिजे! पहिले दोन दिवस चोळणं नाही, शेक नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं आणि हात झोळीत. मात्र महिनाभर बांधूनही ठेवू नका, कोपर फार लवकर आखडतं. आकार बदलला, करंगळीला मुंग्या आल्या किंवा हात सरळच होईना, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. आणि वस्ताद, दुखणं पुरतं थांबून हातात ताकद येईपर्यंत पोराला हौद्यात उतरवू नका.