आधी रेंज बघा, मग डबी घ्या

मोबाईलवर दिसतं ते घरातल्या टीव्हीवर बघायचं तर कोणती डबी घ्यावी, हा प्रश्न आता राजूरच्या पेठेत रोजचा झाला आहे. दुकानदार एक दाखवतो, पुण्याला कामाला असलेला मुलगा फोनवरून दुसरीच सांगतो, शेजाऱ्याने ऑनलाईन मागवलेली तिसरीच असते. तीन हजारांपासून सात-आठ हजारांपर्यंतचा हा खर्च आहे. भात विकून किंवा रोजंदारीतून साठवलेल्या पैशांतून तो होणार असेल, तर थोडं थांबून माझं म्हणणं ऐका.

आपल्या चाळीसगाव डांगाणातली माणसं राजूरच्या प्रदर्शनात डांगी बैल घेताना दात बघतात, खूर बघतात, चालवून बघतात, मगच व्यवहाराला बसतात. टीव्हीची डबी मात्र खोक्यावरचं चित्र बघून घेतली जाते. इथेही तपासायच्या गोष्टी आहेत, आणि त्यातली पहिली गोष्ट डबीत नाहीच. ती तुमच्या घरात आहे: नेट किती येतं आणि कुठे येतं.

ही डबी स्वतः काही दाखवत नाही. इंटरनेटवरून आलेलं चित्र ती टीव्हीला देते, एवढंच तिचं काम. नेटफ्लिक्सने स्वतः दिलेले आकडे बघा. साध्या एचडी चित्राला ३ एमबीपीएस, फुल एचडीला ५ आणि ४केला १५ एमबीपीएस इतका वेग सलग लागतो. सलग हा शब्द महत्त्वाचा आहे. फोनवर व्हॉट्सॲपचा व्हिडिओ थांबत थांबत आला तरी आपण सोसतो. टीव्हीसमोर घरची सगळी माणसं बसलेली असताना दर दोन मिनिटांनी ते गोल चक्र फिरायला लागलं, की आठवड्याभरात डबी कपाटात जाते.

आपला मुलूख डोंगराचा. कळसूबाई-रतनगडच्या रांगांमध्ये गावं खाली बसलेली, एका धारेच्या अलीकडे टॉवर दिसतो आणि पलीकडे दिसत नाही. राजूर गावठाणात जे चालतं ते उडदावणे किंवा साम्रदला चालेलच असं नाही. पत्र्याचं छप्पर आणि दगडी भिंत लहरी अडवतात, म्हणून ओट्यावर भरपूर रेंज आणि माजघरात शून्य असा प्रकार होतो. त्यातून जून ते सप्टेंबर हा आपला पाऊस. लाईट गेली आणि लवकर आली नाही, की टॉवरची बॅटरी उतरते आणि रेंजही जाते. तेव्हा खरेदीआधी एवढं करा: जिथे टीव्ही आहे तिथेच फोन ठेवून रात्री आठ ते दहाच्या दरम्यान यूट्यूबवर एखादा मोठा व्हिडिओ ७२० वर लावून अर्धा तास चालू द्या. सकाळी दहाला केलेली परीक्षा धरू नका, कारण रात्री सगळं गाव एकाच टॉवरवर असतं. जमलं तर पावसाच्या दिवसात पुन्हा बघा. अडखळत असेल तर कोणतीही डबी ते दुरुस्त करणार नाही.

दुसरा हिशेब डेटाचा. पुन्हा नेटफ्लिक्सच्याच सांगण्याप्रमाणे साधं चित्र तासाला १ जीबीपर्यंत, एचडी ३ जीबीपर्यंत आणि ४के ७ जीबीपर्यंत डेटा खातं. रोज २ जीबीचा रिचार्ज असेल तर एचडीमध्ये पाऊण तासाच्या आत तो संपतो. फोनच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवायचा बेत असेल, तर डबीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा खाली आणावाच लागेल. आणखी एक गोष्ट मला जास्त टोचते. हॉटस्पॉट ज्या फोनवर तो बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाचा. तो शेतावर किंवा अकोल्याला गेला की घरातल्या बायका-पोरांचा टीव्ही बंद. ज्यांच्यासाठी खर्च केला त्यांनाच तो वापरता येत नाही. म्हणून टीव्हीवर नियमित बघायचं असेल, तर घराला स्वतःचं वायफाय हवं. तुमच्या आळीपर्यंत फायबरची तार आली असेल तर तीच घ्या. तार नसेल आणि ५जी पोहोचत असेल, तर जिओ आणि एअरटेलने २०२३ पासून आणलेलं एअरफायबर आहे: घराबाहेरचा किंवा खिडकीतला अँटेना टॉवरवरून सिग्नल पकडतो आणि आत वायफाय देतो. पण कंपनीच्या माणसाला आधी सिग्नल मोजायला लावा, पैसे नंतर. बीएसएनएलची ४जी सप्टेंबर २०२५ पासून देशभर रीतसर सुरू झाली आहे; ज्या वाडीला तोच टॉवर जवळ आहे तिथे त्याचं सिम घालून बघायला हरकत नाही. फायबर किंवा एअरफायबर घेताना कंपनी स्वतःची टीव्हीची डबी देते का हेही विचारा. पुष्कळ प्लॅनमध्ये ती मिळते, आणि मग वेगळी विकत घ्यायची गरजच राहत नाही.

ज्यांच्याकडे यातलं काहीच पोहोचत नाही त्यांना मी स्पष्ट सांगतो: आत्ता काही घेऊ नका. दूरदर्शनची फ्री डिश २००४ पासून चालू आहे, महिन्याला एक रुपयाही लागत नाही. छत्री आणि बॉक्सचा एकदाचा खर्च, मग सह्याद्री आहे, बातम्या आहेत, सिनेमे आहेत, आणि मुलांसाठी पीएम ई-विद्येच्या शैक्षणिक वाहिन्या आहेत. बॉक्स घेताना तो एमपेग-४ चा मागा, नाहीतर यातल्या काही वाहिन्या दिसणार नाहीत. मुसळधार पावसात छत्रीचं चित्रही जातं, पण पाऊस ओसरला की ते येतं आणि त्यासाठी रिचार्ज लागत नाही. शेजाऱ्याकडे नेटफ्लिक्स आहे आणि आपल्याकडे फ्री डिश, यात कमीपणा मानू नका.

आता टीव्हीकडे वळू. टीव्हीच्या पाठीमागे किंवा बाजूला एचडीएमआय लिहिलेली चपटी खाच आहे का बघा. जुन्या डबा टीव्हीला ती नसते, फक्त लाल-पांढरी-पिवळी भोकं असतात. त्यासाठी बाजारात चारशे-पाचशेचा कन्व्हर्टर मिळतो, पण चोरी रोखण्याच्या बंदोबस्तामुळे पैसे भरून बघायची बरीच ॲप त्यातून काळा पडदा दाखवतात. माझं मत, त्या टीव्हीवर खर्च करू नका. ‘फोनची वायर टीव्हीला लावा’ म्हणून एक केबल विकली जाते, तीही नको. बहुतेक स्वस्त फोनमधून चार्जिंगच्या खाचेवाटे चित्र बाहेर पडतच नाही.

टीव्ही आधीच स्मार्ट असेल तर डबी कशाला? आणि स्मार्ट टीव्ही चार-पाच वर्षांचा होऊन रखडायला लागला, ॲप उघडेनाशी झाली, तर नवा टीव्ही घेऊ नका. पडदा चांगला असतो, आतला संगणक म्हातारा झालेला असतो. त्याला स्टिक, म्हणजे एचडीएमआयच्या खाचेत बसणारी छोटी डबी, लावली की टीव्ही पुन्हा कामाला येतो. पंधरा-वीस हजार वाचवणारा हा सल्ला दुकानात तुम्हाला सहसा मिळणार नाही.

स्टिक कोणती? ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक किंवा शाओमीसारख्या माहितीतल्या कंपनीची गूगल टीव्हीवर चालणारी डबी, दोन्ही आपल्याकडच्या कामाला पुरेशा आहेत. दोन्हीत जिओहॉटस्टार, झी५, सोनी लिव्ह, यूट्यूब चालतात. घरी ३२ इंची टीव्ही असेल तर ४केसाठी जास्त पैसे मोजू नका. त्या आकाराचे पडदे सहसा ४केचे नसतात. ४३ इंच आणि त्यापुढचा ४के टीव्ही असेल, वर घरी तेवढं नेट असेल, तरच. ॲपल टीव्ही उत्तम आहे, पण त्या किमतीत इकडे आख्खा टीव्ही येतो. गूगलची जुनी क्रोमकास्ट कुणी स्वस्तात देत असेल तर नाही म्हणा. गूगलने तिचं उत्पादन २०२४ मध्ये थांबवलं, आणि मार्च २०२५ मध्ये एका प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्ट जगभर काही दिवस बंद पडल्या होत्या.

स्टिकला वीज तिच्यासोबत आलेल्या ॲडॉप्टरनेच द्या. टीव्हीच्या यूएसबीत लावली की पुष्कळदा वीज कमी पडते, स्टिक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते, आणि माणूस माल खराब म्हणून परत न्यायला निघतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की टीव्हीचा प्लग, छत्रीची वायर आणि राऊटर, तिन्ही काढून ठेवा.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती. नाव-गाव नसलेले अँड्रॉइड बॉक्स. ‘सगळे चॅनेल फुकट, सगळे सिनेमे फुकट, एकदाच पैसे द्या’ असं सांगून हे विकले जातात. कृपा करून हे घरात आणू नका. टी९५ नावाच्या अशा एका स्वस्त बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर भरून आलेलं २०२३ मध्ये उघडकीला आलं. पुढे अशा डब्यांच्या एका मोठ्या जाळ्याला बॅडबॉक्स हे नाव पडलं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याबद्दल लोकांना जाहीर सावध केलं, आणि जुलैत गूगलने ते चालवणाऱ्यांवर खटला भरला. १ कोटीहून अधिक उपकरणं त्यात अडकल्याचं गूगलचं म्हणणं आहे. हा बॉक्स तुम्हाला सिनेमा दाखवत असतो आणि मागच्या मागे तुमचं वायफाय परक्या माणसांना वापरायला देत असतो. त्यांनी केलेल्या फसवणुकीचा माग काढत कुणी आलं तर तो तुमच्या नावावरच्या जोडणीपाशी येऊन थांबेल. ज्या वायफायवर घरातल्या फोनमधून तुम्ही फोनपे वापरता त्याच वायफायवर ही डबी बसलेली असते. शिवाय नेटफ्लिक्ससारखी ॲप अशा बॉक्सवर पूर्ण दर्जाचं चित्र देत नाहीत, कारण त्यांची मान्यता त्याला नसते.

ओळखायचं कसं? कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही, सगळं फुकट असल्याची जाहिरात आहे, सुरू करताना ‘प्ले प्रोटेक्ट (गूगलची सुरक्षा तपासणी) बंद करा’ असं सांगितलं जातं, अशी एक जरी खूण दिसली तरी मागे फिरा. खोक्यावर किंवा डबीवर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक असतो, ‘आर’ अक्षर आणि पुढे आकडे. बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये तो टाकला की नोंदणी खरी की खोटी ते तिथल्या तिथे कळतं. स्वतःला जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या भाच्याला, पुतणीला सोबत न्या.

डबी आली म्हणजे मालिका फुकट झाल्या असंही नाही. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी५वर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. घरात नक्की काय बघितलं जातं ते आईला, बायकोला विचारा आणि तेवढ्या एकाचेच पैसे भरा. प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲप नोव्हेंबर २०२४ पासून आहे, त्यात दूरदर्शनचं पुष्कळ काही मोफत मिळतं. यूपीआयने वर्गणी भरली की बहुधा ऑटोपे सुरू होतं आणि पुढच्या वेळी पैसे आपोआप कापले जातात. कापण्याआधी २४ तास मेसेज येतो. तो वाचा, नको असेल तर यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे बंद करा.

स्टिक सुरू करताना अडलं तर नेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरला फोन करू नका. स्टिक चालू करून देण्याचे वेगळे पैसे कोणतीच खरी कंपनी घेत नाही. कुणी मागितले तर तो चोर आहे, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. मुलं घरात असतील तर पहिल्याच दिवशी पिन घाला. सरकारच्या २०२१ च्या नियमांनी या ॲपना वयाप्रमाणे वर्गवारी आणि कुलूप देणं बंधनकारक केलं आहे, ते लावणं आपल्या हातात आहे. आश्रमशाळेतून सुटीला आलेलं पोर रिमोट घेऊन एकटंच बसलेलं असतं तेव्हा ते कुलूप उपयोगी पडतं.

राजूर, कोतूळ, अकोल्याच्या दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. गिऱ्हाईक आलं की आधी त्याचं गाव विचारा, नेट कोणतं ते विचारा, टीव्ही कोणता ते विचारा. आणि त्याच्या घरी डबी चालणार नसेल तर विकू नका. निनावी बॉक्स दुकानात ठेवूच नका. आणि गिऱ्हाइकांनो, पन्नास रुपये वाचवायला बिलाविना माल घेऊ नका. पक्कं बिल आणि वॉरंटीचा कागद हातात असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. तिथे भागलं नाही, तर आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. बिल घ्या, ते कोरड्या जागी जपून ठेवा, आणि त्याचा एक फोटो फोनमध्येही काढून ठेवा.