अठरा म्हणजे मुहूर्त नव्हे



आपण पत्रिका सोडली, मुहूर्त सोडला. विहारात साधेपणाने मंगल परिणय लावतो. पण एक मुहूर्त वस्तीत अजून पाळला जातो, तो वयाचा. अठरा झाली की पोरगी उजवायची. वर्षाच्या आत पाळणा हलला पाहिजे. पंचविशी ओलांडली की विचारायचे, "काही खोट आहे का?"

मी नर्स असताना मुक्ताईनगर भागातली एकोणीस वर्षांची एक मुलगी दुसऱ्या बाळंतपणाला आली होती. पहिले लेकरू जेमतेम सव्वा वर्षाचे. हिमोग्लोबिन साडेसहा. सासू कौतुकाने म्हणाली, "सिस्टर, आमच्याकडे सगळं वेळेवर झालं." दोन पिशव्या रक्त चढवून ती वाचली. बाळ पावणेदोन किलोचे. लोकांची वेळ पाळली गेली, तिच्या शरीराची वेळ कोणी विचारलीच नाही.

2006 च्या कायद्याने मुलीचे वय 18 आणि मुलाचे 21 ठरवले. ही खालची मर्यादा आहे. त्याआधी लग्न नको, एवढाच तिचा अर्थ. अठरा लागताच उरका, असे कायदा कुठेही म्हणत नाही. आणि ही मर्यादासुद्धा पाळली जात नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे 22 जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. शेजारच्या धुळे जिल्ह्यात हा आकडा 40 च्या घरात होता.

कमी वयात गरोदर राहिले की रक्त कमी पडते, रक्तदाब वाढतो, झटके येऊ शकतात, बाळ अडीच किलोच्या आत भरते. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या वर हवे. एका बाळंतपणानंतर निदान दोन वर्षे पुन्हा दिवस जाऊ नयेत. तांबी, गोळ्या, अंतरा इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. आणि वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत तर तपासणी दोघांची करा. आधी एकट्या सुनेला दवाखान्याच्या फेऱ्या मारायला लावू नका.

20 जुलै 1942 ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आयाबहिणींना हेच समजावले होते: मुलांच्या लग्नाची घाई करू नका, जास्त मुले होऊ देऊ नका. ते स्वतः 32 व्या वर्षी लंडनचे डी.एस्सी. झाले आणि 65 व्या वर्षी त्यांनी धम्मदीक्षा घेतली. त्यांना कोणी म्हणाले असते, "आता वय झालं," तर आपण कुठे असतो?

म्हणून सांगते, स्थळ पाहण्याआधी पोरीचे हिमोग्लोबिन पाहा. तिचे शिक्षण कुठवर आले ते पाहा. तिला काय वाटते ते विचारा. अठराच्या आतले लग्न ठरत असेल तर 1098 वर फोन करा किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला कळवा. तिशीतल्या अविवाहित पोरीला आणि कामधंदा शोधणाऱ्या पोराला पौर्णिमेला विहारात येताना मान खाली घालावी लागू नये, एवढे तर आपण करूच शकतो.