उसना पेला, विसरलेली पाऊलवाट

गडावर बाटली उघडणाऱ्या कंपूला कोणी हटकले, की एक ठरावीक उत्तर ऐकू येते. ‘इंग्लंडमध्ये पाहा! तेथे सुटीच्या दिवशी मंडळी जमतात, रानोमाळ दहा-बारा मैल चालतात आणि वाटेवरच्या पबमध्ये बिअर घेतात. तेथे कोणाची संस्कृती बुडत नाही. मग आमच्याच नावाने शंख कशासाठी?’ हे उत्तर अर्धे खरे आहे, म्हणूनच ते अधिक घातक आहे.

इंग्लंडमधील पदभ्रमण मंडळांच्या सहलींत पबचा थांबा असतो, हे खरेच. ‘पेनाइन वे’ या सुमारे ४३० किलोमीटरच्या प्रसिद्ध मार्गाचा प्रारंभ एडेल गावातील एका जुन्या पबपाशी मानला जातो. शेवट होतो तो स्कॉटलंडच्या हद्दीत, कर्क येथॉमच्या अशाच एका मद्यगृहापाशी. वाट पूर्ण करणाऱ्याला तेथे अर्धा पिंट बिअर पाजण्याची प्रथा आल्फ्रेड वेनराइट या मार्गदर्शिकाकाराने स्वखर्चाने सुरू केली होती.

परंतु ही वाट पेल्यातून निघालेली नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील शेकडो श्रमिक तरुण किंडर स्काउटच्या पठारावर चढले. जमीनदारांनी ते पठार पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवले होते. पाच तरुणांना तुरुंगवास घडला. त्यांचा अग्रणी बेनी रॉथमन साम्यवादी होता. विचारसरणी न पटणाऱ्यानेही त्याच्या जिद्दीला दाद द्यावी. १९३५ मध्ये पदयात्रींची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९४९ च्या कायद्याने पाऊलवाटांची अधिकृत नोंद करणे प्रशासनावर बंधनकारक झाले. १९६५ मध्ये ‘पेनाइन वे’ खुला झाला. आज इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर वाटांवर सामान्य माणसाचा कायदेशीर हक्क आहे. शेत नांगरताना मोडलेली वाट ठरावीक मुदतीत पुन्हा मोकळी करून देणे शेतकऱ्याला भाग असते.

आणि तो पब? तो गावात असतो. त्याला परवाना असतो, बंद होण्याची वेळ असते. पेला तेथील मेजावरच राहतो. तो कोणी पिशवीत घालून डोंगरावर नेत नाही. सारेच इंग्रज शहाणे आहेत, असे मुळीच नाही. त्यांच्याच मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना २०१६ मध्ये आठवड्याला १४ युनिटांहून अधिक मद्य नियमितपणे घेऊ नका, असे बजावावे लागले. म्हणजे जे व्यसन त्यांनाच जड जाते, ते आमच्या पुरोगाम्यांना आदर्श वाटते!

अनुकरणच करायचे, तर हक्काच्या वाटेचे का नाही? नकाशाचे का नाही? नागरिकांच्या पाऊण शतकाच्या चिकाटीचे का नाही? नेमका पेला तेवढा उचलायचा आणि पाऊलवाट तेथेच सोडायची, याला आधुनिकता म्हणत नाहीत. याला उष्टे उचलणे म्हणतात.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांतील ११ महाराष्ट्रात आहेत. जगाने माथी लावलेल्या त्या मातीत फुटलेली काच पडावी आणि पाण्याच्या टाक्यात रिकाम्या बाटल्या तरंगाव्यात, यासारखी नामुष्की नाही. त्या वेचायला पुन्हा दुसरेच तरुण सुटीचा दिवस खर्ची घालतात.

एकत्र चालल्याचा आनंद मद्यावाचून फुलत नाही, असे म्हणणाऱ्याने आषाढात आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर एक दिवस चालून पाहावे. तेथेही मंडळी अनोळखी असतात, पायांना फोड येतात, मुक्काम पडतात. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी मद्याला शिवत नाही. म्हणून त्याच्या आनंदात काही उणे पडत नाही.

गडावर निघालेल्या मुलाला ‘किती वाजता परतशील?’ एवढेच विचारून घरच्यांनी थांबू नये. ‘पिशवीत काय आहे?’ हेही विचारावे. आणि परतल्यावर, ‘वाटेवरचा कचरा किती उचललास?’ हेही.